टायर मेला कधी म्हणायचा?

धुळ्यात रस्ते येऊन मिळतात. मुंबईहून आग्र्याकडे निघालेला, सुरतेहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा आणि सोलापूर-छत्रपती संभाजीनगरकडून वर येणारा, असे तीन मोठे रस्ते या एका शहराभोवती गुंतलेले आहेत. केळी, मिरची, कापसाच्या गाठी, सिमेंट, लोखंड असा सगळा माल इथून चाकांवर जातो आणि जाताना थोडा थोडा टायर रस्त्यावर ठेवून जातो. म्हणूनच या शहराबाहेर पंक्चरवाले, रिमोल्डिंगच्या (घासलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याच्या) शेडी आणि जुन्या टायरचे ढीग पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी नांदत आले.

अशाच एका शेडमध्ये ज्यांची उमर गेली, त्यांना सगळे नाना म्हणतात. फागण्याच्या बाजूला पंक्चरच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागले, मग धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत रिमोल्डिंग शिकले आणि पुढे जळगावच्या एमआयडीसीत भागीदारीत स्वतःची छोटी शेड टाकली. आता धंदा मुलाकडे आहे. पण टायर घ्यायचा की परत पाठवायचा, हा निर्णय अजूनही बऱ्याचदा नानांना विचारूनच होतो. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडी फारसा नसतो. तरी टाकाऊ रबराचे काय करावे, या प्रश्नावर त्यांच्याइतके स्पष्ट मत असलेली माणसे थोडी.

मत असे की, टायर आधी मारू नका.

ट्रकमालक टायर टाकतो तो बहुधा वरची नक्षी घासून गुळगुळीत झाल्यावर. टायरचा सांगाडा, धंद्याच्या भाषेत केसिंग, तोवर शाबूत असू शकतो. तो शाबूत आहे का हे पाहणे हीच नानांची खरी विद्या. टायर स्प्रेडरवर चढवायचा, त्याचे ओठ ताणून आत दिवा सोडायचा आणि आतल्या भिंतीवरून तळहात फिरवायचा. एखादा दोर तुटलेला असेल तर बोटाला आधी कळते, डोळ्याला नंतर. मग बाहेरून छोट्या हातोडीने ठोके. भरीव आवाज आला तर थर एकमेकांना धरून आहेत. बदबद आवाज आला तर आत कुठेतरी पडदा सुटला आहे, तिथे हवा शिरली आहे. बीडची, म्हणजे रिमला धरणाऱ्या कडेची, तार उघडी पडली असेल, किंवा कमी हवेवर गाडी चालवून बाजूची भिंत आतून काळीनिळी पडली असेल, तर तो टायर तिथेच बाद. आत-बाहेरून सगळे ठीक निघाले की नाना खडूने नंबर घालतात आणि एवढेच म्हणतात, "हाऊ आजून जिवत शे." म्हणजे हा अजून जिवंत आहे.

नंबराचे महत्त्व शेडीत नव्याने आलेल्याला पटत नाही. पण ट्रकमालकाला आपलाच टायर परत हवा असतो. त्याने तो कोणत्या रस्त्यावर, किती माल भरून चालवला हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्याच्या टायरचा इतिहास कोण सांगणार? खान्देशातल्या शेडींवरचा विश्वास या खडूच्या नंबरावर उभा राहिला.

पुढचे काम घाणीचे आहे. बफिंग मशीनवर टायर फिरवून वरचे उरलेसुरले रबर खरवडून काढतात, तेव्हा शेडभर काळा चुरा उडतो आणि जळक्या रबराचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही. खिळ्याची भोके साफ करून भरायची, खरवडलेल्या पाठीवर सोल्यूशन मारायचे, त्यावर गमचा, म्हणजे चिकट कच्च्या रबराचा, पातळ थर आणि गमवर नक्षी असलेला तयार रबरी पट्टा. थंड पद्धतीत हा सगळा टायर रबरी पाकिटात गुंडाळून चेंबरमध्ये ठेवतात. तिथे साधारण १०० अंश सेल्सिअस उष्णता आणि दाब मिळून काही तासांत पट्टा आणि सांगाडा एकजीव होतात. गरम पद्धतीत कच्चे रबर चढवून टायर साच्यात घालतात, नक्षी साच्यातच उमटते, पण उष्णता दीडशे अंशांच्या आसपास लागते. आधीच एक जन्म उन्हात काढलेल्या सांगाड्याला ती सोसावी लागते. म्हणून नाना थंड पद्धतीचे. तिला थंड म्हणायचे ते दुसरीच्या मानाने. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा चेंबरचे दार उघडणाऱ्याला हे नाव ज्याने ठेवले त्याचा पत्ता हवा असतो.

हिशेब साधा आहे. घासून गेलेल्या ट्रक टायरच्या मूळ मालातला फार मोठा भाग सांगाड्यात शिल्लक असतो. दोर, तारा, बीड, बाजूच्या भिंती, सगळे. वरचा पट्टा आणि गम मिळून पुन्हा चढवायचे रबर असते दहा-पंधरा किलो, आणि अख्खा टायर असतो पन्नास-साठ किलोचा. टायरमध्ये केरळातल्या रबराच्या चिकाबरोबर खनिज तेलापासून बनलेले कृत्रिम रबर आणि काजळी असते, त्यामुळे टायर म्हणजे बऱ्याच अंशी तेलच. अमेरिकेतल्या रिट्रेडिंगवाल्यांचा, म्हणजे तिकडच्या रिमोल्डवाल्यांचा, नेहमीचा आकडा असा, की नव्या ट्रक टायरला २२ गॅलन तेल लागते आणि रिट्रेडला ७. आकडा त्यांचा आहे, तो त्यांच्या धंद्याच्या सोयीचाही आहे. पण खरवडलेला चुरा आणि चढवलेला पट्टा तराजूवर ठेवून पाहिलेल्या माणसाला तो खोटा वाटत नाही.

मग लोक रिमोल्डला नाक का मुरडतात? महामार्गावर पडलेल्या टायरच्या साली सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. एरंडोल-पारोळ्याच्या दरम्यान उन्हाळ्यात त्या जागोजाग दिसतात आणि दिसली साल की गाडीतला कोणीतरी म्हणतोच, रिमोल्ड होता. नानांना या वाक्याचा भारी राग. त्यांच्याकडे अशा साली घेऊन भांडायला येणारे कमी नव्हते. साल उलटून पाहिली की बरेचदा पट्टा सांगाड्याला घट्ट धरूनच असायचा, फाटलेला असायचा सांगाडा. म्हणजे हवा कमी होती किंवा माल जास्त होता. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्यासाठी मिशिगन विद्यापीठाने महामार्गावरचे असे तुकडे गोळा करून तपासले. २००८ च्या त्या अहवालातही दोष रिट्रेडिंगवर न येता मुख्यतः रस्त्यातल्या अडथळ्यांनी झालेल्या इजेवर आणि अतिउष्णतेवर आला. नव्या टायरच्याही साली त्यात होत्याच. प्रवासी विमानांचे टायर तर नियमाने पुनःपुन्हा रिट्रेड होतात, आणि त्या विमानात बसताना कोणी चाकाकडे वाकून पाहत नाही.

अर्थात धंद्यात कच्चे लोक आहेत. बाद सांगाड्यावर पट्टा चिकटवून पैसे करणारे नानांनी पाहिले आहेत, आणि पुढच्या चाकाला रिमोल्ड लावू नये हा नियम ते स्वतःही पाळतात. पण वाईट शिंप्यामुळे कोणी शिवलेले कपडे सोडत नाही, असे त्यांचे उत्तर तयार असते.

ज्यांना शंका असेल त्यांनी एसटीकडे पाहावे. राज्य परिवहन महामंडळाची दापोडी, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, हे अनेकांना माहीत असते. त्यांच्या जोडीला महामंडळाची स्वतःची नऊ टायर पुनःस्तरण, म्हणजे रिट्रेडिंगची, संयंत्रेही आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. धुळे आणि जळगाव विभागाच्या ज्या लाल गाड्या सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जातात, त्या वर्षानुवर्षे अशा टायरवर चालत आल्या. पैसा वाचवण्यासाठी सुरू झालेली ही व्यवस्था. पर्यावरणाच्या नावाने तिचा कधी सत्कार झाल्याचे दिसत नाही, आणि व्हायला हवा होता.

सांगाडा खरोखरच संपला, दोन-तीनदा रबर चढवून झाले, की नानांच्या तरुणपणी त्याला गिऱ्हाईक घरी यायचे. मोची यायचा. नायलॉनचा टायर सुरीने थरांत सोलता येई, आणि त्याच्या वहाणा चोपडा-यावलच्या आठवडे बाजारांत विकल्या जात. काट्याकुट्यांतून चालणाऱ्याला त्यापेक्षा दणकट पायताण मिळत नसे. शेतकरी यायचा, बैलगाडीला टायर लावायला. लाकडी चाकाची धाव निघण्याची कटकट गेली आणि बैलांचा भारही हलका झाला, असे जुने लोक सांगतात. कोणी अर्धा टायर गुरांना पाणी पाजायला नेई. ट्यूबच्या पट्ट्या तर प्रत्येक घरात. भारा बांधायला, सायकलच्या कॅरिअरला, पुढे ठिबकची नळी गळू लागली की तिच्यावर करकचून गुंडाळायला. बफिंगचा चुरा रबरी चटया आणि सोल करणारे पोत्याने उचलत. कचरा असा उरतच नव्हता, आणि यातल्या एकाही माणसाला आपण पुनर्वापर करतो आहोत याची खबर नव्हती.

ही साखळी तोडली रेडियल टायरने. रेडियल चांगला, जास्त चालणारा, डिझेल वाचवणारा, रिट्रेडिंगलाही उत्तम. पण ट्रकच्या रेडियलच्या पोटात पोलादी तारांचे जाळे असते. त्याला मोच्याची सुरी लागत नाही. तार उघडी पडली की पायाला आणि गुराच्या तोंडाला सारखीच लागते. ट्यूबलेस आला तशी ट्यूबही चालली. टायर सुधारला आणि मेल्यावर त्याला हाताने उपयोगी आणण्याची वाट बंद झाली. आता त्याला यंत्रच हवे, आणि ते गावात नसते. वस्तू तयार करतानाच तिच्या शेवटाचा विचार करावा, असे व्याख्यानांतून ऐकायला मिळते. नानांच्या शेडीसमोरच्या मोच्याने ते धंदा बदलून भोगले.

जळगावात हा प्रश्न आणखी चमत्कारिक वाटतो, कारण हे शहर जुने वितळवून नवे करण्यात मुरलेले आहे. इथल्या एमआयडीसीत जुन्या प्लास्टिकचे दाणे करून चटया विणतात. त्या चटया देशभर जातात. ठिबकच्या जुन्या नळ्या गोळा होतात, धुतल्या जातात, वितळून पुन्हा नळ्या होतात. साहजिकच नानांना वाटे, प्लास्टिकवाल्या शेजाऱ्याच्या यंत्रात टायरचा चुरा टाकला तर? एकदा कोणी टाकलाही म्हणतात. यंत्र साफ करायला लागलेला वेळ सोडला तर त्यातून काही निघाले नाही.

कारण त्यांना पुतण्याने सांगितले. पुतण्या जळगावच्याच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकला. "नाना, प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या सुट्या असतात. तापल्या की सरकतात, थंड झाल्या की बसतात. रबरात गंधकाने त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत." चार्ल्स गुडइयरने १८३९ साली अमेरिकेत रबर आणि गंधक एकत्र तापवून जे साधले ते हेच. उन्हात चिकट होणारे आणि थंडीत तडकणारे रबर त्यामुळे टायर होण्याच्या लायकीचे झाले, आणि त्याच गाठींमुळे ते परत पहिल्यासारखे करणे अवघड झाले. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ मळता येत नाही, असे नानांनी ते स्वतःपुरते समजून घेतले.

पूर्ण पीठ होत नसले, तरी गाठी काही प्रमाणात सोडवता येतात. त्यालाच रिक्लेम रबर म्हणतात आणि त्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. टायरचा बारीक चुरा तेल आणि रसायनांबरोबर दाबाखाली तापवायचा, मग रोलरमधून पुन्हा पुन्हा काढून त्याच्या लाद्या करायच्या. नव्या रबरात त्या ठरावीक प्रमाणात मिसळतात. या कामातली देशातली मोठी कंपनी जीआरपी. ती १९७४ साली स्थापन झालेली, मूळची अंकलेश्वरातली. अंकलेश्वर म्हणजे धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने गेले की सुरतेच्या थोडे पुढे. तिचा एक कारखाना सोलापुरातही आहे. खान्देशातला मेलेला टायर पश्चिमेला किंवा दक्षिणेला, कुठल्याही महामार्गाने नीट ठिकाणी पोचू शकतो, एवढे रस्ते त्याच्या दारात आहेत. रिक्लेमच्या जुन्या रीतीत वास, सांडपाणी आणि भरपूर इंधन, असे दोष होते. ते टाळून गाठी सोडवण्यासाठी गुडइयर कंपनीने १९७०च्या दशकात मायक्रोवेव्ह वापरून पाहिले. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात इसायेव यांनी अल्ट्रासाउंडचा मार्ग काढला. गंधक खाणाऱ्या जिवाणूंवरही काम चालू आहे. प्रयोगशाळेत हे सगळे सुरेख चालते. शेडीत अजून चक्की आणि रोलरच.

दुसरी वाट रस्त्याची. टायरचा चुरा डांबरात मिसळला तर डांबर उन्हाने लवकर मऊ पडत नाही आणि थंडीत लवकर तडकत नाही. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड या अभियंत्याने १९६०च्या दशकात हे करून दाखवले, आणि फिनिक्सचे ऊन जळगावकराला समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे अशा डांबराचे मानक ठरलेले आहे. मऊ पडण्याच्या तापमानावरून त्याचे ५०, ५५ आणि ६० असे प्रकार पडतात. पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात टिन्ना रबरचा असा चुरा करणारा कारखाना आहे. ज्या रस्त्याने टायर खाल्ला त्याच रस्त्यात टायर घालायचा, ही कल्पना नानांना फार आवडते. चुऱ्याचाही निर्धोकपणा गृहीत धरू नये, हे मात्र इथे नोंदवले पाहिजे. खेळाच्या मैदानांवर पसरलेला रबरी चुरा मातीत आणि पाण्यात जातो म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली त्यावर बंदी आणली आणि मैदानांना बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. डांबरात बांधलेला चुरा तसा मोकळा उडत नाही, म्हणून तो जास्त बरा.

आता तिसऱ्या वाटेकडे यावे लागते, कारण सर्वाधिक रोख पैसा तिथेच आहे. शेडीच्या मागे बाद टायरचा ढीग वाढला की भंगारवाल्याचा टेम्पो येतो. तो वजन करतो, नोटा मोजतो आणि एकही प्रश्न विचारत नाही. टायर जातो कुठे? त्यातले पुष्कळ पायरोलिसिसच्या भट्टीत जातात. हवा बंद करून मोठ्या लोखंडी डब्यात टायर चार-पाचशे अंशांना तापवतात. त्याची वाफ निवली की भट्ट्यांना चालणारे तेल मिळते, मागे काजळी आणि तार राहते. कागदावर वाईट काहीच नाही. नीट बंदिस्त, अखंड चालणाऱ्या यंत्रात, वायू पुन्हा जाळून वापरला आणि काजळी शुद्ध केली तर पद्धत खपण्यासारखीही आहे. पण आडबाजूच्या शेतात उभ्या केलेल्या भट्टीत डबा पुरता थंड होण्याआधीच उघडतात. आतली काजळी फावड्याने उपसणाऱ्या मजुराच्या तोंडाला फार तर रुमाल असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडलेल्या माहितीनुसार १९ राज्यांत पायरोलिसिसचे ६३७ कारखाने होते. त्यांतले नियम पाळणारे २५१, न पाळणारे २७० आणि बंद ११६. जानेवारी २०२५ मध्ये वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट झाला, दोन स्त्रिया आणि दोन मुले गेली. ती मुले तिथे कामाला नव्हती, कामगारांची लेकरे तिथेच राहायला असतात.

"रबराचं तेल करायचं म्हणजे घर पाडून विटा विकायच्या," नाना म्हणतात. त्यांनी भागीदाराशी यावरून वाद घातले. बाद टायर साठवून चुरा करणाऱ्याकडे ट्रकभर एकदम पाठवायचे, तर जागा अडते, भाडे पडते, पैसा उशिरा येतो. भंगारवाला रोज दारात उभा. बऱ्याच महिन्यांत भागीदार जिंकत असे. हे लिहायला हवे, कारण पर्यावरणाच्या लेखांत निर्णय नेहमी सद्‌बुद्धीने होतात आणि एमआयडीसीत ते भाड्याच्या तारखेला होतात.

नियम आले आहेत. २१ जुलै २०२२ रोजी केंद्र सरकारने टाकाऊ टायरची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली. २०२०-२१ मध्ये जेवढा माल काढला त्याच्या ३५ टक्क्यांइतका टायर २०२२-२३ मध्ये योग्य रीतीने विल्हेवाटीला लावायचा, पुढच्या वर्षी प्रमाण ७० टक्के, त्यानंतर १०० टक्के. त्यासाठी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची. तेल काढण्यासाठी परदेशी टाकाऊ टायर आणायला बंदी झाली. रिट्रेडिंग केलेल्या टायरची जबाबदारी एक वर्ष पुढे जाते, म्हणजे टायरचे आयुष्य वाढवले याची दखल सरकारने कागदावर घेतली. व्यवस्था चांगली आहे. अडचण एवढीच, की प्रमाणपत्राचा पैसा साखळीच्या वरच्या टोकाला फिरतो आणि टायर खालच्या टोकाला पडलेला असतो. अवधानातल्या शेडवाल्याला किंवा पारोळ्याच्या पंक्चरवाल्याला त्यातून भंगारवाल्यापेक्षा चार रुपये जास्त मिळाले, तरच टायर वळण बदलेल. उपदेशाने तो बदलणार नाही.

जे टायर कोणाकडेच जात नाहीत त्यांचीही एक दुनिया आहे. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले टायर खान्देशात गावोगाव दिसतात. पावसाळ्यात त्यांच्या खोलगटीत पाणी साचते आणि डेंगीचा डास, एडिस, तिथे अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. १९८५ साली आशियातून आलेल्या जुन्या टायरांबरोबरच एडिसच्याच कुळातला वाघी डास अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पोचला. छपरावरच्या टायरला चार भोके पाडली तरी पाणी राहत नाही. एवढे काम ड्रिलने पाच मिनिटांत होते. आणि आंदोलनात टायर पेटवण्याची आपली जुनी हौस आहेच. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाने २०१४ सालीच उघड्यावर टायर जाळायला मनाई केली. सरकारचा निषेध करताना आपल्याच गल्लीतल्या पोरांना तो धूर द्यायचा, हे कोणत्या तर्कात बसते हे आंदोलकांनीच सांगावे.

ज्यांच्या घरी ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा पिकअप आहे त्यांच्यासाठी नानांचे सांगणे असे. हवा दर आठवड्याला मोजा, निदान एप्रिल-मे महिन्यांत तरी. टायर काढायचा तर खोबणी तीन-एक मिलिमीटर शिल्लक असतानाच काढा. शेडवाल्याने आत दिवा सोडून टायर पाहिला का, ते उभे राहून बघा, नसेल तर दुसऱ्या शेडीत जा. बाद झालेला टायर देताना तो कुठे जाणार हे विचारा आणि नोंदणी असलेल्या चुरा किंवा रिक्लेमवाल्याकडे जात असेल तर दोन रुपये कमी घ्या. दोर बाहेर दिसायला लागल्यावर आणलेला टायर कोणतीही चांगली शेड घेत नाही.